दोषोदाहरण : एका विनोदकाराचे ऐकताना

१

ज्याच्या नावावर वाङ्मय म्हणावा असा छापील ऐवज फारसा नाही, ज्याचा आविष्कार आधी मद्यगृहांच्या व्यासपीठांवर आणि पुढे घराशेजारच्या मोटार ठेवण्याच्या खोलीत झाला, अशा एका अमेरिकन विनोदकाराविषयी समीक्षेच्या नियतकालिकात का लिहावे, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो माझ्याही मनात आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवले. विनोदाची मीमांसा हा माझ्या अध्यापनाचा एक कोपरा होता. न. चिं. केळकरांपासून बर्गसाँपर्यंतच्या उपपत्ती मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर मांडल्या. तथापि विनोदाने माझ्या स्वतःच्या आयुष्यात काय केले, याचा हिशेब मांडण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली मार्क मॅरन या गृहस्थाने. हा लेख त्याच्याविषयी आहे आणि काही अंशी माझ्याविषयीही आहे. हे दोन विषय वेगळे ठेवण्याचा मी प्रयत्न केला, पण ते वेगळे राहिले नाहीत.

२०१२ साली माझ्या भाच्याने माझ्या फोनवर काही ध्वनिमुद्रणे घालून दिली आणि सकाळच्या फिरण्यात ऐकायला सांगितले. पॉडकास्ट हा शब्द तेव्हा मला नवा होता. इंटरनेटवरून हवी तेव्हा ऐकता येणारी श्राव्य मालिका, एवढेच त्याने समजावून सांगितले. मालिकेचे नाव एका असभ्य इंग्रजी उद्गाराच्या आद्याक्षरांचे होते : डब्ल्यूटीएफ. पहिले दहा मिनिटे एक कर्कश, घोगरा माणूस आपल्या मांजरांविषयी, आपल्या बापाविषयी आणि आपल्या संतापाविषयी बोलत राहिला. मग दुसरा कोणी विनोदकार आला आणि दोघे तासभर बोलले. विनोद होते, पण ते सांगितले जात नव्हते. बोलण्याच्या ओघात सापडत होते. हे ऐकताना मला प्रथम जो प्रत्यय आला तो आनंदाचा नव्हता, अस्वस्थतेचा होता. हा मनुष्य बहुतेक पाहुण्यांना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत होता : आपल्या दोघांत काही बिनसले होते काय?

२

मॅरनचा जन्म २७ सप्टेंबर १९६३ रोजी न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील अस्थिशल्यचिकित्सक होते. बालपणाचा मोठा भाग न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की या शहरात गेला. बॉस्टन विद्यापीठातून १९८६ साली इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला आणि 'कॉमेडी स्टोअर' या प्रसिद्ध विनोदगृहात दारावर उभा राहण्याचे काम करू लागला. सॅम किनिसन या आक्रोशी विनोदकाराच्या वर्तुळात तो तेथेच ओढला गेला, आणि त्या वर्तुळाबरोबर कोकेनही आले. पुढे बॉस्टन, मग न्यूयॉर्क. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या लहान खोल्यांतून जी पर्यायी विनोदाची चळवळ उभी राहिली, तिच्यातील तो एक ठळक चेहरा होता. घोटीव चुटक्यांऐवजी अर्धवट, चालू, स्वतःलाच अडखळविणारे बोलणे हे तिचे लक्षण होते.

पण बरोबरीचे पुढे गेले आणि हा मागे राहिला. १९९५ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा निर्माता लॉर्न मायकल्स याने त्याला भेटीस बोलावले; काम मिळाले नाही. ती भेट मॅरन पुढे वीस वर्षे उगाळीत राहिला. १९९९ साली त्याने व्यसने सोडली. २००४ मध्ये 'एअर अमेरिका' या उदारमतवादी नभोवाणी जाळ्यावर त्याला सकाळचा कार्यक्रम मिळाला, तो गेला. त्याच संस्थेत पुन्हा काही मिळाले, तेही गेले. २००९ साली तो पंचेचाळिशीत होता, दोन विवाह मोडले होते, हातात काम नव्हते. सोडाव्या लागलेल्या त्याच इमारतीत रात्री, दाराची कार्डे अजून चालत आहेत एवढ्या भांडवलावर, ब्रेंडन मॅकडॉनल्ड या निर्मात्यासह त्याने १ सप्टेंबर २००९ रोजी ही मालिका सुरू केली. लवकरच ती लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातील त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये गेली. आठवड्यास दोन भाग, सोळा वर्षे, सोळाशेहून अधिक संवाद. शेवटचा भाग १३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसृत झाला.

हे चरित्र यशोगाथेच्या साच्यात बसविणे सोपे आहे, आणि तसे ते पुष्कळदा बसविलेही गेले आहे. अपयश, अंधार, गॅरेज आणि मग राष्ट्राध्यक्ष. १९ जून २०१५ रोजी बराक ओबामा खरोखरच त्या गॅरेजमध्ये येऊन बसले. शेजाऱ्याच्या छपरावर नेमबाज उभे होते. चार्ल्सटनच्या चर्चमधील हत्याकांडाला तेव्हा दोन दिवस झाले होते आणि वंशद्वेषाविषयी ओबामा त्या खोलीत जे बोलले ते व्हाइट हाउसच्या व्यासपीठावरून बोलता आले असते असे वाटत नाही. पण मला या चरित्रातील कळीचा मुद्दा राष्ट्राध्यक्ष हा वाटत नाही. मत्सर हा वाटतो. आपल्या मत्सराला आशयद्रव्य करून त्यावर एक संपूर्ण कला उभारणारा मनुष्य मी यापूर्वी ऐकला नव्हता.

३

भरताने हास्यरसाचे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसतो तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो तेव्हा परस्थ. या भेदाच्या अर्थाविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, आणि मी तो येथे थोडा वळवून घेतो : ज्या हास्याचे आलंबन स्वतः हसविणाराच असतो ते आत्मस्थ, ज्याचे आलंबन दुसरा असतो ते परस्थ. हास्याचे विभाव सांगताना भरताने विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य, असत्प्रलाप यांच्याबरोबर 'दोषोदाहरण' असाही एक विभाव सांगितला आहे. दोष उदाहृत करणे, म्हणजे दोष काढून समोर ठेवणे. कोणाचा दोष, हे तो शब्द सांगत नाही. विनोदाची सारी नैतिकता त्या रिकाम्या जागी दडलेली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आपल्या परंपरेत एकट्या माणसाने उभे राहून समाजाला हसविणे नवीन नाही. कीर्तनकार हसवितो, तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या हसवितो, पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये बावन्न व्यक्तिरेखा एका देहात वागविल्या. परंतु या सर्वांत बोलणाऱ्याचा 'मी' एक तर विरघळलेला असतो किंवा त्याने सोंग घेतलेले असते. कीर्तनकाराचा 'मी' आख्यानात लोपतो. चाळीचा निवेदक हा देशपांडे या व्यक्तीशी जुळतोच असे नाही, आणि जुळावा अशी आपली अपेक्षाही नसते. अमेरिकन स्टँड-अप या प्रकारात, विशेषतः लेनी ब्रूसनंतर आणि रिचर्ड प्रायरनंतर, परिस्थिती निराळी झाली. १९८० मध्ये मादक द्रव्याच्या अमलाखाली प्रायरने स्वतःला पेटवून घेतले आणि १९८२ च्या चित्रपटात त्याने त्याच जळण्यावर लोकांना हसविले. तेथे व्यासपीठावरचा 'मी' आणि भाजलेल्या कातडीचा 'मी' एकच आहे, असा करार प्रेक्षकाशी झालेला असतो. फिलिप लेजन याने आत्मचरित्राविषयी ज्या कराराची कल्पना मांडली – लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असल्याची हमी – तो करार येथे कागदाविना, देहाच्या साक्षीने होतो.

मॅरनने या कराराचे स्थळ बदलले. व्यासपीठावर प्रेक्षक हसला नाही तर कबुली फसते. म्हणून व्यासपीठावरची प्रत्येक कबुली हशाच्या दिशेने कललेली असते. गॅरेजमध्ये हसणारा समूह नव्हता. दोन माणसे, दोन ध्वनिक्षेपक. ऐकणारा होता, पण तो नंतर, दूर कोठेतरी, एकटा. सकाळी नदीकाठच्या रस्त्याने चालणारा एक निवृत्त प्राध्यापक, उदाहरणार्थ. हशाची सक्ती उठली तेव्हा विनोदकार कसे बोलतात, हे बहुधा प्रथमच इतक्या विस्ताराने नोंदले गेले. २६ एप्रिल २०१० रोजी प्रसृत झालेला रॉबिन विल्यम्सबरोबरचा संवाद हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. अखंड सोंगे करणारा हा नट आपल्या घरी बसून हळू आवाजात व्यसनाविषयी, भीतीविषयी, मरणाच्या विचाराविषयीही बोलला, आणि मधूनच त्याच विचाराला एक पात्र करून त्याच्याशी गमतीने भांडला. ऑगस्ट २०१४ मध्ये विल्यम्सने आत्महत्या केली. त्यानंतर तो भाग ज्यांनी ऐकला त्यांना ती गंमत पुन्हा गमतीसारखी ऐकता आली नसावी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयाने तो संवाद राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत समाविष्ट केला. ज्या ऐवजाला मी आरंभी वाङ्मय म्हणण्यास कचरलो, त्याला एका राष्ट्राने जतन करण्यायोग्य ठरविले आहे.

४

आता माझी कथा. १९९६ साली मी माझ्या एका कवी-मित्राच्या दुसऱ्या संग्रहाचे परीक्षण याच प्रकारच्या एका नियतकालिकात लिहिले. आम्ही महाविद्यालयापासूनचे मित्र; एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. परीक्षणात बरेचसे योग्य होते. पण त्यात एक वाक्य होते, संग्रहाच्या शीर्षकावर केलेली एक कोटी. ते वाक्य गाजले. पुढे काही वर्षे मला लोक भेटत तेव्हा ते वाक्य म्हणून दाखवीत आणि हसत. मीही हसत असे. ते वाक्य येथे पुन्हा देत नाही. दिले तर ते पुन्हा हसवील, आणि त्या मनुष्याच्या बाबतीत ते दुसऱ्यांदा घडेल. मित्राने मला पत्र लिहिले नाही, भांडण केले नाही. तो फक्त बोलेनासा झाला. त्याचा तिसरा संग्रह आला नाही.

हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित हे सहा प्रकार आणि त्यांची उत्तम, मध्यम, अधम अशी प्रकृतिपरत्वे वाटणी मी त्या काळात दरवर्षी शिकवीत होतो. उपहसित मध्यम प्रकृतीचे, हे मुले पाठ करीत. माझे स्वतःचे वाक्य कोणत्या रकान्यात बसते, हे पाहण्याची बुद्धी मला सतरा वर्षे झाली नाही.

ती झाली २०१३ मध्ये, मॅरन आणि लुई सी. के. यांचा २०१० सालचा दोन भागांतील संवाद ऐकताना. दोघे तरुणपणापासूनचे मित्र. एक जगप्रसिद्ध झाला, दुसरा मागे राहिला आणि मत्सराने अबोल झाला. त्या संवादात सी. के. रडतो, मॅरन आपला मत्सर मान्य करतो, आणि ऐकणाऱ्यासमोर एक तुटलेली मैत्री सांधली जाते. अमेरिकेतील एका नियतकालिकाने पुढे २०१४ मध्ये पॉडकास्टच्या सर्वोत्तम भागांत त्याला पहिले स्थान दिले. मला तेवढे थांबावे लागले नाही. ऐकल्यानंतर आठच दिवसांनी मी साताऱ्याची बस धरली.

मित्राने दार उघडले, आत घेतले, चहा ठेवला. मी बोललो. वाक्य क्रूर होते, मला ते लिहायला नको होते, हशासाठी मी मैत्री विकली, असे सारे बोललो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अरे, चहा गार झाला तुझा." पुढे आम्ही गुडघेदुखीविषयी, मुलांच्या नोकऱ्यांविषयी बोललो. निघताना तो बसथांब्यापर्यंत आला. मी हलक्या मनाने परतलो. दोषोदाहरण झाले होते, आणि या वेळी दोष माझा होता.

५

२०१५ साली एका चर्चासत्रात मी 'कबुलीचे काव्यशास्त्र' अशा काहीशा भारदस्त शीर्षकाचा निबंध वाचला. त्यात मॅरन-सी. के. संवाद हे माझे प्रमुख उदाहरण होते. तुकोबांच्या आत्मनिवेदनपर अभंगांपासून दया पवारांच्या 'बलुतं'पर्यंतच्या परंपरेशी मी त्याचा सांधा जोडला. प्रामाणिकपणाचा प्रत्यय हाच या प्रकाराचा निकष, असे प्रतिपादन केले. चर्चेच्या वेळी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जे सांगितलं नाही, ते या निकषानं कसं ओळखायचं?" मी काहीतरी उत्तर दिले. सभागृह हसले, हे मात्र आठवते; म्हणजे उत्तराच्या जागी मी पुन्हा कोटीच केली असणार.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच स्त्रियांनी लुई सी. के.च्या लैंगिक गैरवर्तनाविषयी दिलेली निवेदने 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रसिद्ध केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती खरी असल्याचे मान्य केले. मॅरनने त्यानंतरच्या भागात सांगितले की, ही कुजबुज आपल्या कानावर होती, आपण मित्राला विचारले होते, त्याने नाकारले होते आणि आपण मित्रावर विश्वास ठेवला; त्या स्त्रियांवर विश्वास ठेवण्याची जागा आपल्या व्यवसायाने निर्माणच होऊ दिली नव्हती, हेही त्याने मान्य केले. हे ऐकताना मला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आठवला. सी. के. त्या संवादात खोटे बोलला होता काय? बहुधा नाही. त्याचे रडणे खरे असावे. परंतु खऱ्या कबुलीनेच दुसऱ्या, मोठ्या अकबुलीला आडोसा दिला होता. जो मनुष्य एवढे सांगतो त्याने सर्व सांगितले असणार, असे श्रोता गृहीत धरतो. प्रांजळपणा हाही एक अलंकार आहे, आणि इतर अलंकारांप्रमाणे तो झाकण्याच्याही कामी येतो, हे माझ्या निबंधात नव्हते.

फूकोने १९७६ मध्ये दाखवून दिले होते की, कबुली हा सत्ताव्यवहार आहे, आणि त्यात सत्ता ऐकणाऱ्याच्या हाती असते. पण ध्वनिक्षेपकासमोरच्या कबुलीत हे उलटे होते. येथे ऐकणारे लक्षावधी असतात आणि त्यांच्यापाशी जे सांगितले जाते त्याखेरीज काहीच नसते. तुकोबांच्या आत्मनिवेदनाशी जोडलेला माझा सांधा येथेच निखळतो. तुकोबा ज्याला सांगतात तो सर्वज्ञ आहे. त्याच्यापासून काही लपविण्यात अर्थ नाही, म्हणून लपविण्याचा मोहही तेथे निरर्थक ठरतो. भक्तीतील कबुली ही माहिती देणे नसते, शरण जाणे असते. आधुनिक कबुलीला असा श्रोता उरलेला नाही. तिचा श्रोता अज्ञ आहे आणि प्रेमळ आहे. बोलणाऱ्याला याहून धोक्याचा श्रोता मिळणे कठीण.

तथापि मॅरनच्याच मालिकेत या दोषावरचा उपायही मला सापडला. २०१० साली कार्लोस मेन्सिया हा विनोदकार त्याच्याकडे आला. दुसऱ्यांचे विनोद चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. पहिला संवाद गोड झाला. मेन्सियाने आपली बाजू नीट मांडली. पण मॅरनला ते पटेना. त्याने मेन्सियाला ओळखणाऱ्या इतर विनोदकारांशी बोलून घेतले आणि मग मेन्सियाला पुन्हा समोर बसविले. दुसरा संवाद अवघड, अडखळणारा, बराच कमी सुंदर आहे, आणि त्यामुळेच तो मोलाचा आहे. समीक्षक म्हणून आपण संहितेच्या पुनर्वाचनाविषयी पुष्कळ बोलतो. कबुलीचेही पुनर्वाचन लागते, पहिल्या कबुलीने सुटल्यासारखे वाटते तेव्हा तर लागतेच, ही गोष्ट मला एका विनोदकाराने शिकविली.

६

१६ मे २०२० रोजी मॅरनची सहचरी, चित्रपटदिग्दर्शिका लिन शेल्टन, निदान न झालेल्या तीव्र रक्तकर्करोगाने वारली. ती ५४ वर्षांची होती. दोघांची पहिली भेट २०१५ मध्ये याच मालिकेतील संवादात झाली होती. दोन दिवसांनी नेहमीच्या वारी नेहमीचा भाग आला. त्यात तो रडत बोलला आणि मग तो २०१५ चा जुना संवाद त्याने पुन्हा ऐकविला. प्रेम अजून व्हायचे असलेली दोन माणसे एकमेकांना प्रश्न विचारीत आहेत आणि ऐकणाऱ्याला शेवट माहीत आहे, अशी ती विलक्षण संहिता होती. शोकांतिकेतील नाट्यगत उपरोध येथे कोणी रचलेला नव्हता. काळाने तो आपोआप घडविला होता.

तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच शोक त्याने 'फ्रॉम ब्लीक टू डार्क' या प्रयोगात व्यासपीठावर आणला. रुग्णालयात तिच्या देहाचा निरोप घेऊन निघताना आपल्या मनात क्षणभर छायाचित्र काढण्याचा विचार चमकून गेला, असे तो सांगतो, आणि सभागृह हसते. बर्गसाँ म्हणतो की, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. मी हे वाक्यागणिक शिकविले आहे. पण त्या सभागृहात कोणाचेही हृदय बधिर झालेले ऐकू येत नाही. अभिनवगुप्ताने सर्व रसांच्या आभासातून हास्य निर्माण होते असे म्हटले आहे; करुणाचा आभास तेव्हा होतो जेव्हा शोक अस्थानी असतो, ज्याच्याशी नाते नाही त्याच्यासाठी केलेला असतो. येथे शोक अस्थानी नाही. अस्थानी आहे तो मनाचा व्यापार, जो शोकाच्या ऐन मध्यातही आपल्या क्षुद्र सवयी सोडीत नाही. म्हणजे करुण तसाच राहतो आणि त्याच्या कुशीत हास्य उभे राहते. एक दुसऱ्याला मोडीत नाही. आपल्याकडे याचे सर्वोत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे आहे. त्यात वियोगाच्या आणि अपमानाच्या प्रसंगांतही बाई स्वतःच्या वेंधळेपणाकडे पाहून हसतात, आणि त्या हसण्याने दुःख हलके होत नाही, अधिक खरे होते. 'स्मृतिचित्रे' मी तीस वर्षे शिकविले. त्यातील हास्याला मी 'प्रसन्न' हे विशेषण लावीत असे. ते विशेषण आज मला अपुरे वाटते. ती प्रसन्नता नव्हे. स्वतःचा दोष स्वतः आधी पाहणाऱ्या माणसाचे ते धैर्य आहे.

७

मालिका संपली तेव्हा मॅरन बासष्ट वर्षांचा होता. आपण दमलो आहोत आणि समाधानी आहोत, अशा आशयाचे कारण त्याने दिले. शेवटच्या भागासाठी तो ओबामांच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात गेला; गॅरेजमध्ये आलेला पाहुणा या वेळी यजमान होता. सोळा वर्षांपूर्वी ज्या मनुष्याकडे विचारण्यासारखा एकच प्रश्न होता, तो आता बहुधा त्या प्रश्नाशिवाय जगू शकत होता. लॉर्न मायकल्सही २०१५ मध्ये एकदा समोर येऊन बसला होता आणि वीस वर्षे उगाळलेली ती भेट त्याच्या दृष्टीने एक साधी भेट निघाली होती. मत्सराचे असे होते. ज्याच्याभोवती आपण देऊळ बांधतो त्या जागी मूर्ती नसतेच.

नोव्हेंबरात मी पुन्हा साताऱ्याला गेलो. मित्र आता काठी घेऊन चालतो. २०१३ मध्ये मी त्याला जे सांगितले नव्हते ते या वेळी सांगितले. ते वाक्य मी केवळ हशासाठी लिहिले नव्हते. त्याचा संग्रह परीक्षणासाठी हाती आला त्या सुमारास माझ्या स्वतःच्या कवितांचे बाड एका प्रकाशकाकडून परत आले होते. त्याचा संग्रह चांगला होता. मी तो वाचताना मला ते कळत होते. परीक्षणातील माझे आक्षेप योग्य होते, हे आजवर मी म्हणत आलो, या लेखातही वर म्हटले आहे. ते योग्य होते. पण मी ते योग्य ठरावेत म्हणून शोधले होते. समीक्षेतील तर्काला अंतःस्थ हेतू विचारण्याची पद्धत नाही, आणि ती नसावीही. पण समीक्षकाने तो स्वतःला विचारू नये, असे कोणी सांगितलेले नाही.

मित्र बराच वेळ काठीच्या मुठीकडे पाहत होता. मग म्हणाला, "कविता करायचास तू? कधी बोलला नाहीस."

"करायचो."

"कुठं आहेत त्या?"

"फाडून टाकल्या."

"सगळ्या?"

"हो," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये लक्षात आले की, हेही खरे नव्हते. बाड फाडले होते, पण एक वही राहिली आहे. ती आहे हे मला माहीत होते, आणि तिचे नाव ओठांवर असताना मी 'हो' म्हणालो. कोणती लाज अजून शिल्लक होती, हे मला सांगता येत नाही. कबुली एका बैठकीत पुरी होत नाही, हे मी वर मॅरनच्या आधाराने सिद्धान्त म्हणून मांडले आहे. तो सिद्धान्त मांडणाऱ्यालाही लागू पडतो, एवढेच.

वही कपाटात आहे. पुढच्या खेपेस ती घेऊन जाईन म्हणतो. परीक्षण करायचे झाले तर ते त्याने करावे.